चालू पीसी अचानक बंद का पडतो? याचं उत्तर १८४१ मध्येच एका बिअरवाल्याच्या पोराने शोधून ठेवलंय

मे महिन्याची दुपार. घरातला पीसी चालू आहे, कुणीतरी गेम खेळतंय किंवा लग्नाचा व्हिडिओ एडिट करतंय. पहिली वीस मिनिटं सगळं झकास. मग कॅबिनेटमधला फॅन विमान उडाल्यासारखा घोंघावायला लागतो, माऊस अडखळतो, आणि फट्ट. स्क्रीन काळी. ना मेसेज, ना वॉर्निंग. लाइट गेलेली नाही, ट्यूब चालू आहे, डोक्यावरचा पंखा फिरतोय. फक्त पीसी मेलाय.

लगेच बटण दाबलं तर दोन मिनिटांत परत बंद. तासाभराने दाबलं तर असा चालू होतो, जणू काही झालंच नव्हतं.

यावर घराघरात ठरलेले अंदाज असतात. व्हायरस आला. विंडोज करप्ट झालं. फॉरमॅट मारून टाक. मग फॉरमॅट होतो, त्यात जुने फोटो जातात, आणि दुसऱ्या दिवशी पीसी बरोबर विसाव्या मिनिटाला पुन्हा झोपतो.

कारण गडबड बऱ्याचदा विंडोजमध्ये नसतेच. ती असते उष्णतेत. तारेतून वीज गेली की किती उष्णता तयार होणार, हा हिशोब जगात पहिल्यांदा ज्याने मांडला तो ना कुठल्या कॉलेजचा प्रोफेसर होता, ना शिकलेला इंजिनिअर. घरची बिअरची फॅक्टरी सांभाळत फावल्या वेळात प्रयोग करणारा तो एक लाजाळू पोरगा होता. त्याचं नाव मात्र तुम्ही शाळेत शंभर वेळा लिहिलंय, गणिताच्या उत्तरापुढे एकक म्हणून. नाही लिहिलं तर अर्धा मार्क कापला जायचा.

जेम्स प्रेस्कॉट ज्यूल.

२४ डिसेंबर १८१८ ला इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड गावात त्याचा जन्म झाला. सॅल्फर्ड म्हणजे मँचेस्टरला अगदी खेटून, मध्ये फक्त एक नदी. त्या काळी हा सगळा पट्टा कापड गिरण्यांच्या धुराने काळवंडलेला. वडील बेंजामिन ज्यूल यांची मोठी ब्रुअरी होती, त्यामुळे घरी पैशाला तोटा नव्हता. पण जेम्स लहानपणापासून नाजूक. पाठीच्या कण्याचा त्रास होता. म्हणून बराचसा अभ्यास घरीच झाला.

वडिलांनी मात्र एक काम भारी केलं. जेम्स आणि त्याचा मोठा भाऊ यांना शिकवायला त्यांनी थेट जॉन डाल्टनला गाठलं. अणूचा सिद्धांत मांडणारा तोच डाल्टन. तेव्हा तो म्हातारा झाला होता आणि मँचेस्टरमध्ये शिकवण्या घ्यायचा. पोरांना रसायनशास्त्राची घाई होती, डाल्टनने त्यांना आधी अंकगणित आणि भूमितीत घासून काढलं. पुढच्या विषयांना जेमतेम हात घातला तोवर १८३७ मध्ये डाल्टनला पक्षाघाताचा झटका आला आणि शिकवणी संपली. पण मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय जेम्सला लागली ती कायमची.

विजेचं वेड तेव्हाचंच. दोघे भाऊ एकमेकांना आणि घरातल्या नोकरचाकरांना शॉक देऊन बघायचे. आज असं कुणी केलं तर पोलीस केस होईल, तो भाग वेगळा.

पुढे जेम्स ब्रुअरीच्या कामात आला. तिथे वाफेची इंजिनं होती आणि त्यांना कोळसा लागायचा. त्याच सुमारास विजेवर चालणारी मोटर ही नवी गोष्ट आली होती आणि सगळीकडे हवा झाली होती की आता वाफेचा जमाना संपला. विशीतल्या जेम्सला वाटलं, आपल्या ब्रुअरीत मोटर बसवली तर? खर्च वाचेल का? म्हणजे ज्यूलची सुरुवात कुठल्या थोर तत्त्वज्ञानातून झाली नाही. ती झाली धंद्याच्या हिशोबातून. आज आपण इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची की पेट्रोलची याचा जो हिशोब मांडतो, साधारण तोच.

त्या काळी भिंतीत प्लग नव्हता. वीज म्हणजे बॅटरी, आणि बॅटरीत जस्त खर्च व्हायचं. ज्यूलने मोटर बनवल्या, त्यांनी किती वजन किती उंच उचललं ते मोजलं, जस्त किती गेलं ते मोजलं. उत्तर निराशाजनक निघालं. एक पौंड कोळसा वाफेच्या इंजिनात जाळला की जेवढं काम व्हायचं, त्याच्या साधारण एक पंचमांश काम एक पौंड जस्तातून मिळत होतं. आणि जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. मोटरचा प्लॅन बारगळला.

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. ज्यूलला मात्र एक प्रश्न सतावत राहिला. बॅटरीतून निघालेली ताकद पूर्ण कामाला येत नाही, तर उरलेली जाते कुठे? तारा गरम होतात हे दिसत होतं. मग किती गरम होतात?

त्याने तारेचं वेटोळं करून पाण्यात बुडवलं. पाण्याचं वजन माहीत. वीज किती जाते ते मोजायला गॅल्व्हानोमीटर. ठरावीक वेळ वीज सोडायची आणि थर्मामीटर वाचायचा. मग तार बदलायची, जाड, बारीक, लांब, आखूड. वीज कमी-जास्त करायची. पुन्हा वाचायचं. १८४० च्या शेवटी त्याने हा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला. सोसायटीने त्याचा फक्त सारांश छापला. पूर्ण निबंध १८४१ मध्ये दुसऱ्या एका मासिकात आला. तेव्हा ज्यूल होता २२ वर्षांचा.

त्यात जे निघालं तोच आज दहावीच्या पुस्तकातला ज्यूलचा नियम. तारेत तयार होणारी उष्णता तिच्या रोधाच्या प्रमाणात वाढते आणि विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. यातला वर्ग हा शब्द महत्त्वाचा आहे. धारा दुप्पट केली की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट केली तर नऊपट.

आता पीसीकडे या. हा नियम घरात सगळ्यात आधी कॅबिनेटच्या आत दिसत नाही, बाहेरच दिसतो, एक्स्टेन्शन बोर्डवर. प्लग सैल बसला असेल तर धातूला धातू नीट टेकत नाही, टेकतो तो एखाद्या टोकावर. तेवढ्याशा जागेतून सगळी वीज जायची म्हणजे तिथला रोध वाढला. रोध वाढला की उष्णता वाढली. प्लास्टिक तपकिरी पडतं, जळका वास येतो, पकड अजून सैल होते, रोध अजून वाढतो. टेबलाला धक्का लागला, कुणी पाय हलवला की पीसी बंद होत असेल, तर विंडोजला शिव्या घालण्याआधी तो प्लग आणि कॅबिनेटच्या मागची पॉवर केबल बघा. बोर्ड काळवंडला असेल तर तो टेप लावून वापरायचा नाही. फेकायचा. पीसी बंद पडणं परवडतं, आग लागणं नाही.

कॅबिनेटच्या आत तोच खेळ बारीक पातळीवर चालतो. प्रोसेसरमध्ये कोट्यवधी ट्रान्झिस्टर दर सेकंदाला प्रचंड वेगाने चालू-बंद होत असतात. प्रत्येक वेळी थोडी वीज रोधातून जाते आणि उष्णता होऊन बसते. मिक्सर चटणी वाटतो, पाण्याची मोटर टाकी भरते. पीसी असं काही उचलत नाही की ढकलत नाही. म्हणजे ३०० वॅट खाणारा पीसी दर सेकंदाला साधारण ३०० ज्यूल उष्णता तुमच्या खोलीत सोडतो. एका अर्थाने तो गणितं सोडवणारा हीटरच आहे.

ज्यूलच्या काळात मात्र ही गोष्ट इतकी सरळ नव्हती, कारण तेव्हा उष्णता म्हणजे काय यावरच घोळ होता. बहुतेक विद्वान मानायचे की उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, नाव कॅलरिक. तो तयार होत नाही, नष्टही होत नाही, फक्त गरम वस्तूतून थंड वस्तूत वाहतो. या हिशोबाने तार गरम झाली, तर बॅटरीतला कॅलरिक तारेत आला म्हणायचं आणि विषय संपवायचा.

ज्यूलने ठरवलं, बॅटरीच काढून टाकू. त्याने पाण्याने भरलेल्या नळीत वेटोळं ठेवलं आणि ते चुंबकाच्या मध्ये गरगर फिरवलं. म्हणजे छोटा डायनामो. बॅटरी नाही, म्हणजे उष्णता बाहेरून वाहत येण्याची सोय नाही. तरी पाणी गरम झालं. फिरवायला लागलेली ताकद त्याने खाली उतरणाऱ्या वजनांनी मोजली. काम खर्च झालं आणि उष्णता जन्माला आली.

ऑगस्ट १८४३ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क शहरात ब्रिटिश असोसिएशनची सभा भरली. ज्यूलने तिथे हे सांगितलं. एक पौंड पाणी एक अंश फॅरेनहाइटने तापवायला किती काम लागतं याचा आकडाही दिला, ८३८ फूट-पौंड. प्रतिसाद शून्य. वाद नाही, टाळ्या नाहीत. १८४४ मध्ये त्याने हवा दाबल्यावर आणि प्रसरण पावल्यावर तापमान कसं बदलतं यावर निबंध पाठवला. रॉयल सोसायटीने तो सरळ नाकारला. तो बाहेर छापून आला.

लोक त्याच्यावर विश्वास का ठेवत नव्हते? तो धंदेवाला होता, त्याच्या नावापुढे डिग्री नव्हती, हे एक कारण म्हणता येईल. पण नुसता व्हिलन शोधण्यात अर्थ नाही. ज्यूलचा सगळा दावा थर्मामीटरच्या इतक्या बारीक फरकावर उभा होता की समोरच्याला शंका येणं साहजिक होतं. त्याचा पुढचा, सगळ्यात गाजलेला प्रयोग बघितला की हे कळतं.

तांब्याच्या भांड्यात पाणी. पाण्यात पितळी पात्यांची रवी. रवीला दोऱ्या, दोऱ्या कप्पीवरून जाऊन दोन्ही बाजूंना शिशाची वजनं. वजनं सोडली की ती खाली उतरतात, रवी फिरते, पाणी घुसळलं जातं. वजनं पुन्हा वर घ्यायची, पुन्हा सोडायची. असं वीस वेळा. ताक घुसळण्याचाच प्रकार. एवढं सगळं करून पाण्याचं तापमान किती वाढायचं? साधारण अर्धा अंश. तेही फॅरेनहाइट.

अर्धा अंश तर खोलीत माणूस शिरला तरी वाढू शकतो. हे ज्यूललाही माहीत होतं. म्हणून त्याने प्रयोग तळघरात केला, जिथे तापमान फार हलत नाही. स्वतःच्या अंगाची उष्णता भांड्यापर्यंत जाऊ नये म्हणून मध्ये लाकडी पडदा लावला. आणि सगळ्यात हुशारीचं काम म्हणजे प्रत्येक प्रयोगाच्या जोडीला तो एक रिकामा प्रयोग करायचा. तेवढाच वेळ, तीच खोली, तेच भांडं, पण रवी बंद. नुसत्या खोलीमुळे पाण्याचं तापमान किती सरकतं ते मोजायचं आणि मुख्य आकड्यातून वजा करायचं. थर्मामीटरही साधे नव्हते. मँचेस्टरच्या जॉन डान्सर या कारागिराने बनवलेले ते थर्मामीटर ज्यूल एका अंशाच्या दोनशेव्या भागापर्यंत वाचायचा. बिअर बनवताना तापमान जरा चुकलं तरी अख्खा घाणा वाया जातो. ब्रुअरीत वाढलेल्या माणसाची नजर अशा कामात तयार झालेली असणार, असं बरेच इतिहासकार मानतात.

ज्यूल आज घरातला बंद पडणारा पीसी दुरुस्त करायला बसला असता तर त्याने काय केलं असतं, हे ओळखायला फार डोकं लागत नाही. फॉरमॅट नक्कीच मारला नसता. आधी मोजलं असतं.

प्रोसेसरचं तापमान दाखवणारी फुकट सॉफ्टवेअर मिळतात, आणि पीसी चालू करताना उघडणाऱ्या बायोसमध्येही ते दिसतं. आधी रिकामा प्रयोग. काहीही न उघडता दहा मिनिटं पीसी नुसता चालू ठेवा आणि तापमान लिहून ठेवा. मग गेम किंवा एडिटिंग सुरू करा आणि बघत राहा. काम सुरू झाल्यावर ७०-८० अंश सेल्सिअस होणं फारसं वावगं नाही. पण आकडा चढत चढत ९५-१०० च्या घरात गेला आणि तिथेच पीसी बंद पडला, तर गुन्हेगार सापडला. नेमकी मर्यादा मॉडेलनुसार बदलते. प्रोसेसर आधी स्वतःच वेग कमी करून बघतो, माऊस अडखळतो तो त्यामुळे. तरी तापमान वाढलं तर हार्डवेअर थेट वीज तोडतं. विंडोजला विचारत बसत नाही. म्हणूनच मेसेज येत नाही. हा बिघाड नाही, महागाचा प्रोसेसर जळू नये म्हणून केलेली सोय आहे.

आकडा ६० वरच असताना पीसी बंद पडला तर? मग उष्णता निर्दोष, किमान प्रोसेसरची तरी. गेम सुरू करताच त्याच क्षणी बंद होत असेल तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या पॉवर सप्लायवर. ग्राफिक्स कार्डाने एकदम जास्त वीज मागितली आणि त्याला देता आली नाही. लाइट जरा लुकलुकली की पीसी झोपत असेल तर यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल पॉवर ४१ अशी लाल खूण दिसते आणि लोक तिलाच रोग समजतात. ती फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी पीसी नीट बंद न होता गेला. ते आपल्यालाही माहीत असतं.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॅम काढली, धूळ झटकली, ड्रायव्हर टाकला आणि प्लगही बदलला, मग पीसी सुरळीत चालला, तर चालला कशामुळे ते कधीच कळणार नाही.

ज्यूलला हे एकेक करत बसणं जमायचं. त्याने पाण्याऐवजी पारा घुसळला. लोखंडावर लोखंड घासलं. दर वेळी आकडा जवळपास तोच. पण ऐकायला कोण होतं? एप्रिल १८४७ मध्ये त्याने मँचेस्टरच्या एका चर्चच्या वाचनालयात व्याख्यान दिलं. ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, हा आजचा पायाभूत नियम त्याने तिथे सोप्या भाषेत मांडला. ते छापून कुठे आलं? स्थानिक वर्तमानपत्रात. त्याचा भाऊ त्याच पेपरात संगीतावर लिहायचा म्हणून जागा मिळाली.

मग आला जून १८४७. ऑक्सफर्डला पुन्हा ब्रिटिश असोसिएशनची सभा. वेळ कमी आहे, थोडक्यात आटपा, असं ज्यूलला सांगण्यात आलं. हाही विषय असाच विरून गेला असता, पण श्रोत्यांत विल्यम थॉमसन नावाचा एक तरुण प्रोफेसर बसला होता. त्या आठवड्यातच २३ वर्षांचा झालेला. त्याला आधी वाटलं की हा ज्यूल चुकतोय. पण जसजसं ऐकत गेला तसतसं लक्षात आलं की हे सोडून देण्यासारखं नाही. नंतर दोघांच्या गप्पा झाल्या. थॉमसन पुढे लॉर्ड केल्विन झाला, ज्याच्या नावाने तापमानाचं एकक आहे तो. ज्यूलचं म्हणणं पूर्ण पटायला त्यालाही काही वर्षं लागली, पण ज्यूलला पहिल्यांदा तोलामोलाचा ऐकणारा मिळाला.

त्याच ऑगस्टमध्ये ज्यूलचं लग्न झालं, बायकोचं नाव अमेलिया. हनिमूनला दोघं आल्प्सच्या डोंगरात गेली. तिथे थॉमसनला ज्यूल रस्त्यात भेटला, हातात लांबलचक थर्मामीटर घेऊन. धबधब्याचं पाणी उंचावरून पडतं म्हणजे पायथ्याशी ते जरा गरम व्हायला हवं, ते मोजायचं होतं. थॉमसनने सांगितलेल्या या किश्शाला मीठमसाला लागला असावा असं अभ्यासक म्हणतात. पण काही दिवसांनी दोघांनी मिळून एका धबधब्यावर खरंच प्रयत्न केला, आणि पाण्याचे तुषारच इतके उडत होते की मोजमाप जमलं नाही. अमेलियाला यातलं काय वाटलं याची नोंद कुणी ठेवली नाही.

१८५० मध्ये ज्यूलचा मोठा निबंध अखेर रॉयल सोसायटीने छापला. तो पुढे पाठवला होता खुद्द मायकेल फॅरेडेने. आकडा आला ७७२ फूट-पौंड. तरीही घर्षण म्हणजे कामाचं उष्णतेत रूपांतर, हा शेवटचा निष्कर्ष समितीच्या सांगण्यावरून ज्यूलला गाळावा लागला. मोजमाप मान्य, अर्थ नामंजूर. पण त्याच वर्षी त्याला सोसायटीचं सभासदत्व मिळालं. अकरा वर्षांचा प्रवास नाही म्हटलं तरी दहा वर्षांचा तरी झालाच होता.

याच काळात एक वादही पेटला. युलियस मायर नावाच्या जर्मन डॉक्टरने १८४२ मध्येच उष्णता आणि काम यांचं नातं मांडलं होतं. मान कुणाचा, यावरून इंग्लंड आणि जर्मनीत बरीच वर्षं शाब्दिक मारामारी चालली. आज दोघांनाही श्रेय दिलं जातं. कल्पना मायरची आधी छापली गेली, पण भांडं घेऊन ती मोजून दाखवली ज्यूलने.

१८५४ हे वर्ष त्याच्यासाठी वाईट होतं. तिसरं मूल जन्मून तीन आठवड्यांत गेलं, पाठोपाठ अमेलियाही गेली. पदरात एक मुलगा, एक मुलगी. त्याच सुमारास ब्रुअरीही विकली गेली. ज्यूलने पुन्हा लग्न केलं नाही. लोकांत मिसळणं त्याला आधीच जमत नव्हतं, ते आणखी कमी झालं.

काम मात्र चालू राहिलं. थॉमसनसोबत १८५२ पासून पुढची दहा वर्षं त्याने वायूंवर प्रयोग केले. दाबाखालचा वायू बारीक छिद्रांतून पलीकडे सोडला की बहुतेक वायू थंड होतात, हे त्यांनी दाखवलं. याला ज्यूल-थॉमसन परिणाम म्हणतात. १८९५ मध्ये जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडेने याच्याच जोरावर हवेचं द्रवात रूपांतर करायचं यंत्र उभं केलं. म्हणजे तार का तापते हे सांगणाऱ्या माणसाच्याच नावावर थंडाव्याचाही एक नियम आहे.

पीसीला थंडावा द्यायला मात्र इतकं काही लागत नाही. तयार झालेली उष्णता नष्ट करता येत नाही, ती फक्त बाहेर घालवता येते. प्रोसेसरवर धातूची हीटसिंक, तिच्यावर फॅन, आणि कॅबिनेटला हवा जायची जागा. या साखळीत कुठेही अडथळा आला की तापमान चढतं. दोन-तीन वर्षं न उघडलेल्या कॅबिनेटमध्ये हीटसिंकवर धुळीची गोधडीच पसरलेली असते. पीसी बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रश किंवा ब्लोअरने ती काढायची. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल तर पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवीन लावायची. दोन धातूंमधल्या बारीक फटींत हवा राहते आणि हवेतून उष्णता नीट जात नाही, म्हणून ही पेस्ट. टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेलं कॅबिनेट बाहेर काढलं तरी बराच फरक पडतो. लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची जाळी बंद होते, तिथेही हीच गोष्ट. विदर्भात मे महिन्यात खोलीच ४० च्या पुढे गेलेली असते, म्हणजे पीसीला श्वास घ्यायला मिळते तीच गरम हवा. जानेवारीत गुण्यागोविंदाने चालणारा पीसी मे महिन्यात रुसतो तो यामुळे.

एसएमपीएस मात्र घरी उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जोरदार शॉक बसेल इतकी वीज राहू शकते. तो बदलायचा असतो.

ज्यूलकडे म्हातारपणी पैसा उरला नव्हता. आयुष्यभर त्याने प्रयोगांवर घरचा पैसा घातला. तो कधीच कुठे प्रोफेसर नव्हता, त्यामुळे पगार नाही, पेन्शनही नाही. १८७० मध्ये त्याला रॉयल सोसायटीचं मानाचं कोप्ली पदक मिळालं, पण पदकावर घर चालत नाही. शेवटी १८७८ मध्ये सरकारने वर्षाला २०० पौंड मानधन सुरू केलं. त्याच वर्षी साठीला टेकलेल्या ज्यूलने तो घुसळण्याचा प्रयोग आणखी काटेकोरपणे पुन्हा केला. आकडा आला ७७२.५५.

१८८९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला वीजतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे ऊर्जेच्या एककाला ज्यूल हे नाव मंजूर झालं. शंभर ग्रॅमची वस्तू मीटरभर उचलायला लागते तेवढी ही ऊर्जा, साधारण. लाइट बिलावरचं एक युनिट म्हणजे असे ३६ लाख ज्यूल. परिषदेनंतर काही आठवड्यांनी, ११ ऑक्टोबरला, मँचेस्टरजवळच्या सेल गावात ज्यूल वारला.

मँचेस्टरच्या टाऊन हॉलच्या दारात आज एका बाजूला डाल्टनचा पुतळा आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या विद्यार्थ्याचा. सेलच्या दफनभूमीत ज्यूलच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरलाय.

आजच्या मोजमापाने तो आकडा ७७८ च्या आसपास आहे. म्हणजे ज्यूल एक टक्क्याहूनही कमी चुकला. ही चूक कुठून आली तेही सापडलं, आणि तो जिवंत असतानाच. अमेरिकेतल्या हेन्री रोलंडने १८७९ मध्ये हाच प्रयोग केला आणि दाखवलं की पाऱ्याच्या थर्मामीटरचे अंश सगळीकडे सारखे नसतात. हवेच्या थर्मामीटरशी ताडून ते दुरुस्त केले की ज्यूलचा आकडा वर सरकतो आणि दोघांची उत्तरं जवळपास जुळतात. घुसळण्यात चूक नव्हती, वजनात नव्हती, वजाबाकीतही नव्हती. थडग्यावर मात्र जुनाच आकडा राहिला.